रविवार आपण कुणाला देऊन टाकला?

उपवासकाळ आला की आपल्या वसईतल्या धर्मग्रामांत रिट्रीटचे फलक लागतात. तीन संध्याकाळी, मोठा मांडव, बाहेरगावचे प्रवचनकार, कीबोर्ड आणि पार नाक्यापर्यंत ऐकू जाईल असा स्पीकर. लोक येतात, गातात, रडतात, मोकळे होऊन घरी जातात. त्यात वाईट काही नाही. पण त्याला रिट्रीट म्हणू नका एवढंच माझं म्हणणं. रिट्रीट म्हणजे गर्दीतून मागे सरणं. संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली पूर्ण साधना तीस दिवसांची असते आणि ती मौनात करायची असते. आपल्याकडे तीन दिवसांत तीन मिनिटंही कुणी गप्प बसू देत नाही.

मिस्सातही तेच. मिस्साच्या अधिकृत सूचनांतला 45 वा परिच्छेद फादरांनी आणि गायनमंडळाने एकदा एकत्र बसून वाचावा. पश्चात्तापाच्या वेळी, वाचनानंतर, प्रवचनानंतर, कम्युनियननंतर शांतता ठेवायची, असं तिथे स्पष्ट आहे. ही शांतता उपासनेचाच भाग आहे, मधली रिकामी जागा नव्हे! पण कम्युनियन संपतं न संपतं तोच दुसरं गाणं, आणि ते संपलं की सूचना: सहलीचे पैसे, मंडळाची सभा, क्रिकेटचे सामने. एवढी भीती कसली वाटते आपल्याला शांततेची?

सूचनांवरून आठवलं. आठवडाभर विरार लोकलला लटकणाऱ्या माणसाचा रविवार कसा जातो बघा. सकाळी मिस्सा, मग मुलांचं धर्मशिक्षण, मग कुठल्या तरी समितीची बैठक, दुपारी लग्न किंवा बारसं, संध्याकाळी समूहाची प्रार्थना. देवळात धावणारी माणसं सर्वांत जास्त दमलेली असतात. आणि घरातल्या बाईचं काय? रविवारी मटण, पाहुणे, भांडी. तिला हा दिवस इतर सहा दिवसांपेक्षा जड जातो. शब्बाथाची आज्ञा निर्गमाच्या पुस्तकात नीट वाचा. तिथे मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि दारातला परका, सगळ्यांची नावं घेऊन विश्रांती सांगितली आहे. अनुवादात तर कारणही दिलंय: तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता, ते विसरू नका. म्हणजे विश्रांती ही चैन नाही, गुलामी सुटल्याची खूण आहे. आपण रविवारी जेवण मागवतो तेव्हा ते घेऊन येणारा पोरगा त्या यादीत बसतो की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी इंग्रजांनी किंवा मिशनऱ्यांनी देऊन टाकली, असा आपल्यातल्या बऱ्याच जणांचा समज आहे. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवली. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक माणूस. कित्येक वर्षं अर्ज, सभा, मोर्चे झाले, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी मान्य केलं. रविवार खंडोबाचा वार, हेही त्यांच्या बाजूचं एक कारण होतं. पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयीच्या परिपत्रकात रविवारच्या विश्रांतीचा हक्क मांडला आणि ही विश्रांती म्हणजे आळस किंवा पैसे उडवण्याची संधी नव्हे, असंही बजावलं. आज मॉलच्या पार्किंगमध्ये उभं राहून ते वाक्य आठवलं की हसू येतं.

कुणी म्हणेल, सेवा करायची सोडून बसून राहायचं का? मार्काच्या सहाव्या अध्यायात बघा. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून प्रभू त्यांना होडीतून एकांतात घेऊन निघाला. लोक किनाऱ्याने धावत आधीच पोचले, त्याला कळवळा आला, त्याने त्यांना शिकवलं, जेवू घातलं. विश्रांती हुकलीच. पण त्याच संध्याकाळी त्याने शिष्यांना होडीत बसवलं, जमावाला निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर एकटा प्रार्थनेला गेला. जमावाला निरोप देणं त्याला जमत होतं, आपल्या कौन्सिलला जमत नाही.

मागणं फार मोठं नाही. कम्युनियननंतर पाच मिनिटं गाणं नको, घोषणा नको. महिन्यातला एक रविवार असा ठेवा की मिस्सा सोडून काहीच नाही, आणि त्या दिवशी घरचा स्वयंपाक पुरुषांनी करावा. वर्षातून एक रिट्रीट खरोखर मौनाचं, वीसच माणसं आली तरी चालेल. आणि देऊळ दुपारी उघडं राहू द्या. चोरीच्या भीतीने मिस्सा संपताच कुलूप लागतं, हे समजतं. पण निवृत्त मंडळी दोन-दोन तास आळीपाळीने बसायला तयार होतील, विचारून तरी बघा. बाजारातून परतणाऱ्या बाईला दहा मिनिटं टेकायला सावलीची, शांत अशी दुसरी जागा तालुक्यात कुठे उरलीय?

हे सगळं मी पॅरिश कौन्सिलपुढे मांडणार आहे. बैठक अर्थातच रविवारी आहे, दुसऱ्या मिस्सानंतर.