कार्ड हिरवं, झिरा गढूळ

मी ग्रामसेवक असताना ग्रामपंचायतीच्या कचेरीत माझ्या खुर्चीमागे भिंतीवर एक हिरवं कार्ड चिकटवलेलं असायचं. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते, आणि जोखीम पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आमचं हिरवं होतं. साहेब लोक आले की पहिली नजर तिकडे जायची, आणि मीही जरा बाजूला सरकायचो, म्हणजे नीट दिसावं.

तळोदा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याची ती पंचायत. नाव सांगत नाही, कारण चूक तिची कमी आणि माझी जास्त. गावठाणात टाकी होती. जलसुरक्षक तिच्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायचा, क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पाणी पिवळं, म्हणजे ठीक, यायचं, वहीत नोंद व्हायची. पण पंचायतीत चार पाडेही होते. सगळ्यात वरच्या पाड्यावरच्या बाया नाल्याच्या रेतीत खड्डा करून पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं भरायच्या. त्याला आम्ही झिरा म्हणतो. झिरा सार्वजनिक स्रोतांच्या यादीतच नव्हता. यादीत नाही म्हणून पाहणी नाही, आणि पाहणी नाही म्हणून जोखीमही नाही. कार्डाचा हिरवा रंग टाकीचा होता.

पहिल्या पुराबरोबर त्या पाड्यावर हगवण यायची. आशाताई ओआरएसची पाकिटं घेऊन चढायची. आरोग्य केंद्रातल्या नोंदीत मात्र गावाचंच नाव लागायचं, पाड्याचं नाही. कागदावर एकच गाव: कार्ड हिरवं आणि जुलाबाचे रुग्णही तिथलेच. हे विसंगत आहे, असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

आमचा जिल्हा 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. मागासलेपणाची चर्चा निघाली की नंदुरबार विरुद्ध पुणे अशी होते. ती खोटी नाही. पण आरोग्यातली खरी दरी मी पाहिली ती एकाच पंचायतीच्या हद्दीत, गावठाण आणि पाडा यांच्यात, दोन-तीन किलोमीटरची. ती मुंबईहून दिसत नाही. ती सरपंचाला, सदस्यांना आणि ग्रामसेवकाला दिसते, आणि बुजवायची साधनंही थोडीफार त्यांच्याच हातात असतात.

इंग्लंडात 2013 साली सार्वजनिक आरोग्याची बरीचशी जबाबदारी स्थानिक परिषदांकडे दिली गेली. माणूस आजारी पडतो तो घर, पाणी, रस्ता, काम यांच्यामुळेही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्याकडेच आहेत. ग्रामपंचायतीत ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. शिवाय 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या, ग्रामपंचायतींच्या खात्यात येतो. तो कशावर खर्चायचा त्या बाबींत आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे अधिकार नाहीत, ही सबब चालणार नाही.

मग पैसा जातो कुठे? पेव्हर ब्लॉकमध्ये. ते ठराव मीच लिहिले आहेत. पेव्हर ब्लॉकला अंदाजपत्रक तयार मिळतं, ठेकेदार दारात उभा असतो, मोजमाप सोपं आणि फोटो चांगला येतो. झिऱ्याला काय लागतं? सिमेंटच्या चार रिंगा, वर झाकण, बाजूला चर. इतक्या लहान कामाला ठेकेदार येत नाही आणि शाखा अभियंत्याला तिथवर चढण्यात रस नसतो. लहान काम करणं मोठ्या कामापेक्षा अवघड, हे नोकरीत मला उशिरा कळलं.

रस्त्याचंही तेच. सप्टेंबर 2021 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात दरड कोसळून वाट बंद झाली. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक माणूस पायी निघाला. दवाखाना गाठण्याआधीच ती गेली. घाट ग्रामपंचायतीचा नाही, कबूल. पण पाड्यापासून डांबरी सडकेपर्यंतची जी वाट बांबूच्या झोळीतून कापावी लागते, ती कुणाची? रुग्णालय राज्याचं, आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, सडक बांधकाम खात्याची. बाळंतीण मात्र एका रात्रीत या सगळ्यांच्या हद्दी ओलांडते.

तळोदा शहराच्या पालिकेलाही यातून सुटका नको. उपजिल्हा रुग्णालय शहरात आहे आणि रुग्ण डोंगरातून येतात. त्यांच्याबरोबर आलेली चार माणसं मतदार यादीत नसतात, म्हणून त्यांच्या झोपण्याची, भाकरी भाजण्याची, रात्री बाईनं जायच्या संडासाची सोय कुठल्याच वॉर्डाचा प्रश्न होत नाही. आठवडे बाजाराला हीच माणसं आली तर गिऱ्हाईक असतात. पालिकेनं एक साधं नातेवाईक निवास बांधलं, तर किती जण उपचार अर्धवट टाकून घरी निघून जायचे थांबतील, याचा अंदाज वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा.

माझी मागणी फार मोठी नाही. पाण्याचं कार्ड, लसीकरण, कुपोषण, खर्च, सगळं पाडानिहाय लिहा. 2014 च्या पेसा नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची, स्वतःची ग्रामसभा भरवण्याची वाट दिली आहे, ती वापरा. आणि सभा भिलीत, पावरीत होऊ द्या. इतिवृत्त मराठीत लिहायला भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, आहेतच.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी वरच्या पाड्यावर तशी एक बैठक झाली. मी पेव्हर ब्लॉकचं वाचून दाखवलं. ग्रामसभेचा निधी सांभाळणाऱ्या कोष समितीतल्या एका बाईनं विचारलं, "भाऊसाहेब, ते झिऱ्यात टाकायचं असतं का?" लोक हसले, मीही हसलो, आणि खोडून रिंगांचा ठराव लिहिला. रिंगा ट्रॅक्टरनं नाल्यापर्यंत आल्या, पुढे लोकांनी गडगडवत नेल्या. बिल मात्र अंदाजपत्रक नाही म्हणून परत आलं, आणि ते मंजूर होईपर्यंत पुढचा पावसाळा निघून गेला. त्या पावसाळ्यात आशाताई पाकिटं घेऊन वर चढली नाही, असं नाही. दोनदा गेली. आधी आठवड्याला जायची.