नवा छंद पाडव्यापासून

जानेवारीतले संकल्प बहुधा तिळगूळ संपेपर्यंतच टिकतात. मग नव्या छंदाचा श्रीगणेशा गुढीपाडव्याला का करू नये? बंगळूरच्या मराठी कुटुंबांना तर संधी जवळच आहे. चामराजपेटेत श्री रामसेवा मंडळीने १९३९ साली सुरू केलेला रामनवमी संगीतोत्सव चैत्रात फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रंगतो. कर्नाटक संगीत कळत नाही, म्हणून बिचकू नका. हंसध्वनीपासून सुरुवात करा. हा मूळचा दाक्षिणात्य राग हिंदुस्थानी गायकांनीही आपलासा केला आहे. मुलांना तो ओळखायला सांगा. घरी मोबाइलवर प्रत्येकाची करमणूक वेगळी. मांडवात मात्र आजी आणि नातू एकाच तालावर मान डोलावतात. महिन्यातून अशी एक संध्याकाळ राखून ठेवा, छंद आपोआप जडेल.