छताखालची धाव

धावणे, उडी मारणे, गोळा फेकणे यांना आपण मैदानी खेळ म्हणतो. नावातच मैदान आहे. मग हे खेळ चार भिंतींच्या आत होतात असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. पण अमेरिकेत हिवाळ्यात अशी राष्ट्रीय स्पर्धा भरते. थंडीत तेथील अनेक भागांतील मैदाने बर्फाखाली जातात. म्हणून काही खेळ थांबत नाही. खेळाडू छताखाली येतात.

न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरात २०१८ आणि २०२४ साली ही स्पर्धा झाली. बाहेरची धावपट्टी ४०० मीटरची असते, आतली २०० मीटरची. वळणावर तोल जाऊ नये म्हणून पट्टीची बाहेरची कड उंच केलेली असते. १०० मीटरऐवजी ६० मीटरची शर्यत होते. भाला व थाळी यांना जागा पुरत नाही, म्हणून ते खेळ नसतात. गोळाफेक मात्र असते. येथे वाऱ्याची मदत नाही आणि अडथळाही नाही. २०१८ साली ख्रिश्चन कोलमनने ६० मीटर अंतर ६.३४ सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. २०२४ साली मात्र नोआ लाइल्सने ६.४३ सेकंदांत शर्यत जिंकली आणि कोलमनला ६.४४ सेकंद लागले. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो!

भारतातही आता भुवनेश्वरच्या कलिंग क्रीडासंकुलात असे क्रीडागृह आहे. विशाखापट्टणमच्या ज्योती याराजीने २०२४ साली तेहरानच्या आशियाई बंदिस्त स्पर्धेत ६० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८.१२ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक मिळवले. पण एवढ्यावर समाधान मानू नये. माझे मत असे आहे की, धावण्यासाठी छप्पर ही आपल्या तालुक्यांचीही गरज आहे.

आपल्याकडे बर्फ नाही, पण पाऊस आहे. जूनपासून चार महिने मैदानात चिखल असतो. उन्हाळ्यात कमावलेला दम त्या काळात निघून जातो. पाऊस संपतो न संपतो तोच शालेय स्पर्धा येतात आणि मुले सरावाशिवाय उभी राहतात.

दुसरी गोष्ट मुलींची. लहानपणी त्या भावांबरोबर धावतात. सातवी-आठवीत आल्या की मैदानाच्या कडेला उभ्या राहतात. येणारेजाणारे पाहतात म्हणून त्यांना संकोच वाटतो, घरच्यांना काळजी वाटते. त्यांचे पाय दमलेले नसतात, तरी थांबतात. छताखाली, बाईंच्या देखरेखीत, आपल्याला योग्य वाटेल त्या पोशाखात त्या निर्धास्तपणे धावू शकतील. कोणी म्हणेल, हे तर मुलींना पुन्हा भिंतीआड ठेवणे झाले. मला तसे वाटत नाही. मैदान मुलींचेही आहे आणि तो हक्क कधीच सोडू नये. पण पोहायला शिकणारा आधी उथळ पाण्यात उतरतो. पायांत बळ आले, मनात विश्वास आला की मोकळ्या मैदानाची भीती वाटत नाही.

काही जण विचारतात, जेथे वर्गखोल्या अपुऱ्या आहेत, तेथे हे चोचले कशाला? प्रश्न रास्त आहे. प्रत्येक शाळेला क्रीडागृह द्या असे मी म्हणत नाही. तालुक्याला एक पुरे. अल्बुकर्कीची ती इमारतही केवळ खेळासाठी नाही. एरवी तेथे सभा व प्रदर्शने भरतात. स्पर्धेसाठी धावपट्टी जोडतात आणि नंतर काढून ठेवतात. आपल्याकडेही मोठी गोदामे, बाजार समितीच्या शेड पावसाळ्यात काही काळ रिकाम्या असतात. ६० मीटरची सरळ जागा, पुढे थांबायला थोडे अंतर आणि सिमेंटवर अंथरायला रबरी पट्टी, एवढ्याने सुरुवात होईल. सिमेंटवर तसेच धावले तर गुडघे दुखावतात, म्हणून पट्टी मात्र हवीच.

मित्रांनो, हा विषय घरी काढा. वडिलांना, आईला, गावातील वडीलधाऱ्यांना सांगा. मागणी केल्याशिवाय कोणी देत नाही. पाऊस आला म्हणून आपण पुस्तक मिटत नाही. मग पायांची तालीम तरी का थांबवावी?