निदानाची मजुरी

मंगळवारी आणि शनिवारी जामसांवलीच्या निद्रिस्त मारुतीच्या दर्शनास सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा आणि थेट नागपुराकडून दुचाकी वाहनांची जी रीघ लागते, तीत नव्या गाड्यांच्या दाटीतही एखादी एस्कॉर्ट्‌सची राजदूत, म्हैसूरच्या कारखान्यातली एखादी येझदी, किंवा विद्यमान मालकाच्या तीर्थरूपांनी नंबर लावून मिळविलेली बजाजची चेतक अद्यापि दृष्टीस पडते. आणि या तालुक्यांतील संत्र्याच्या बागांतून हिंडणाऱ्यास, विजेच्या मोटारींनी ओलिताचे काम ताब्यात घेतल्यानंतरही, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालविण्याचे एखादे जुने पंपाचे इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेले आढळते. या सर्व यंत्रांचे गोत्र एक आणि त्यांच्याविषयीची फिर्यादही एकच : सकाळी नीट चालू होते, मग मिसिंग मारू लागते, आणि तापले की बंद पडते ते अर्धा तास किक मारूनही दाद देत नाही. अशा इंजिनाची दुरुस्ती मालकास डोईजड होते, याचा दोष बहुतेक जण सुट्या भागांच्या किमतीस किंवा मिस्त्रीच्या नियतीस देतात. माझ्या मते तो दोष मुख्यतः आपल्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या, एका जुन्या खोडीचा आहे.

दुकानात घडते ते असे. गाडी येते, मिस्त्री प्लग बदलतो, गाडी चालू होते आणि दोन दिवसांनी परत येते. मग कॉइल बदलली जाते, पुढच्या आठवड्यात कंडेन्सर, आणि अखेरीस सगळा कार्बोरेटरच नवा बसतो. बाजारात चोरी झाली म्हणून समोर दिसेल त्या इसमास अटक करणाऱ्या फौजदाराचा हा तपास. खरा गुन्हेगार कधीतरी सापडतो, परंतु तोवर चार निरपराध भाग भंगारात गेलेले असतात. आता मिस्त्रीच्या बाजूने पाहा. त्याने एक तास खर्चून, एकही भाग न बदलता, टाकीच्या झाकणातले बुजलेले छिद्र तारेने मोकळे केले आणि त्या तासाची मजुरी मागितली, तर हाच मालक, ज्याने कॉइलचे पैसे बिनतक्रार मोजले असते, ‘नुसतं पाहिलं, त्याचे काय पैसे?’ असा जाब विचारतो. जे विकले जात नाही ते कोणी दुकानात ठेवीत नाही. मिस्त्रीही निदान ठेवीत नाही, सुटे भाग ठेवतो.

आणि निदानाची ही विद्या वस्तुतः काही गूढ नव्हे. इंजिन बंद पडले त्या क्षणी, ते निवण्याची वाट न पाहता, प्लग काढून त्याचे टोक पाहावे. टोक कोरडे असेल तर सिलिंडरमध्ये इंधन पोहोचलेले नाही, तेव्हा तपास टाकीकडून कार्बोरेटरकडे चालवावा. ते पेट्रोलने ओले असेल तर इंधन आले परंतु पेटले नाही, म्हणजे बहुधा ठिणगीची कसूर. एवढ्या एका पाहणीने निम्मे संशयित मोकळे होतात. प्लगचा वर्णही दाखल्यासारखा वाचता येतो : कॉफीसारखा तपकिरी असला तर मिश्रण यथायोग्य, कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल अधिक, आणि पांढराफटक असला तर पेट्रोल कमी व इंजिन अवाजवी तापणारे. परंतु ओला प्लग पुसून, तो इंजिनाच्या धातूस टेकवून किक मारली आणि ठिणगी दिसली म्हणून ‘करंट येतोय’ असा निकाल देण्याची जी घाई होते, ती फसवी आहे. कारण उघड्या हवेत ठिणगी पडणे सोपे, सिलिंडरात दाबल्या गेलेल्या मिश्रणातून ती पडावयास कितीतरी अधिक विद्युद्दाब लागतो. निळसर आणि चट्‌चट् वाजणारी ठिणगी विश्वासाची. पिवळट, क्षीण ठिणगीवर विसंबू नये.

क्षीण ठिणगीचे मूळ पुष्कळदा पॉइंटमध्ये असते. जुन्या इंजिनात दोन लहानशा धातूच्या टिकल्या कॅमच्या उंचवट्याने उघडतात, त्यासरशी कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीतला प्रवाह तुटतो, आणि दुय्यम गुंडाळीत दहा हजार व्होल्टांहून अधिक दाब उसळून प्लगच्या फटीत ठिणगी पडते. दोन-स्ट्रोक इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर हे एका सेकंदात ५० वेळा व्हावे लागते. बॉशच्या कारखान्यात अभियंता होनोल्डने १९०२ मध्ये ठिणगीसाठी उच्च दाब देणारा मॅग्नेटो सिद्ध केला तेव्हापासून तपशील पालटले, तत्त्व तेच राहिले. टिकल्या जळून खडबडीत झाल्या किंवा त्यांतले अंतर, जे दुचाक्यांत सामान्यतः ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर असते, झिजीने सरकले, की ठिणगी दुबळी होते आणि तिची वेळही चुकते. टिकल्यांमध्ये सतत ठिणग्या उडून त्या लवकर काळ्या पडत असतील, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा, कारण प्रवाह तुटताना तो भार स्वतःकडे घेऊन टिकल्या वाचविणे हेच त्याचे काम. फीलर गेजचे पाते दोन टिकल्यांमधून किंचित घासत सरकावे, अडकू नये आणि सैलही जाऊ नये, ही हाताची परीक्षा मात्र पुस्तकातून येत नाही.

तापल्यावर बंद पडण्याचे प्रकरण सर्वांत अधिक पैसे खाते. कॉइलच्या आतले आवरण जीर्ण झाले की थंडपणी ते दाब सोसते आणि तापल्यावर गळते. म्हणून गाडी वीस-पंचवीस मिनिटांनी थांबते व निवली की पुन्हा चालू होते. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले तरी लक्षण हुबेहूब हेच, कारण पेट्रोल उतरते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होऊन प्रवाह थांबतो. पहिल्यात प्लग ओला निघेल, दुसऱ्यात कोरडा, आणि झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू येईल. एकीकडे नवी कॉइल, दुसरीकडे तारेचा तुकडा : एवढा फरक ज्या पाहणीने कळतो तिची मजुरी आपण नाकारतो!

अलीकडे इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने या तपासात एक नवा संशयित आणला आहे. इथेनॉल ओलावा ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या टाकीत पाणी तळाशी बसते, आणि जुन्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडून झिजतात. याचा सर्वाधिक जाच बोटींना. मिनेसोटाच्या सरोवरावर १९२२ मध्ये राल्फ सॅम्युएल्सनने पाण्यावर स्की चालवून दाखविली, पुढे या खेळाबरोबर स्की-बोटीही जगभर पसरल्या, आणि जुन्या स्की-बोटीतले आठ सिलिंडरांचे इंजिन म्हणजे आपल्या राजदूतचेच दुखणे आठपट. तेथे डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात दमट हवेने ओल धरते, तारांची टोके हिरवी पडतात, आणि चालत्या इंजिनात एकेका प्लगची तार जपून सुटी केली असता जिच्यामुळे गती मुळीच घटत नाही तिचा सिलिंडर मृत समजतात. परंतु ‘दुसरा भाग लावून पाहू’ ही वृत्ती बोटीत केवळ खर्चाची नसून जिवावरची ठरते. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती तळाशी साचते. म्हणून बंदिस्त इंजिनखान्यातला पंखा इंजिन चालू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे फिरवावा असा दंडक आहे, आणि बोटीचे स्टार्टर व डिस्ट्रिब्यूटर आतली ठिणगी बाहेरच्या वाफेस पोहोचू नये अशा बांधणीचे असतात. त्यांच्या जागी दिसायला तसाच, स्वस्त, मोटारगाडीचा भाग बसविणे म्हणजे स्फोटाची तजवीज करणे होय. मालवण-तारकर्लीकडे बोट घेऊन व्यवसाय करणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

आमच्याकडे, सौंसर भागात, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रामुळे असो वा नागपूरच्या सान्निध्यामुळे, यंत्रास हात लावू इच्छिणाऱ्या मुलांचा तुटवडा नाही. पॉइंटची इंजिने त्यांच्या हयातीत संपतील हे खरे. परंतु त्या इंजिनावर शिकलेला तपासाचा क्रम पॉइंटच्या जागी आलेल्या इलेक्ट्रॉनिक डब्यासही लागू पडतो, आणि तो डबा महाग असल्यामुळे अंदाजाने बदलण्याची चूक अधिक महागात जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी परीक्षेस एक मुद्दाम बिघडविलेले इंजिन ठेवावे आणि गुण दुरुस्तीबरोबरच बिघाड कोणत्या क्रमाने शोधला याचे द्यावेत. दुकानदारांनी तपासणीची मजुरी वेगळी ठरवून ती फलकावर लावावी, बिघाड किरकोळ निघाला तरी ती पूर्ण घ्यावी, आणि भाग बदलल्यास जुना भाग मालकाच्या हाती देऊन त्याची कसूर दाखवावी. मालकानेही घासाघीस करावयाची तर सुट्या भागाच्या किमतीवर करावी, तपासणीच्या तासावर नव्हे.