रूळ कोणीं टाकले?

आगगाडी या देशांत कोणीं आणली, असें आमच्या शाळेंतल्या मुलांस विचारलें म्हणजे सारा वर्ग एका सुरांत सांगतो, "इंग्रजांनीं!" परवां हें उत्तर देणाऱ्यांत एक वडाराचा मुलगाही होता. आम्हीं पुढें विचारलें, "बरें, मग डोंगर कोणीं फोडला? भराव कोणीं घातला?" वर्ग गप्प झाला. तो मुलगाही गप्प. ज्या घरांत पहार आणि सुरुंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्या घरच्या मुलासही ही गाडी कोणा परक्याच्या घरची वाटते, याचा दोष त्याचा नव्हे. शिकविणाऱ्यांचा, म्हणजे आमचाही आहे.

हें आज लिहिण्यास कारण असें कीं, वाफेच्या जुन्या इंजिनांचें हल्लीं मोठें कौतुक चाललें आहे. दार्जिलिंगच्या डोंगरांत लोक मुद्दाम पैसे मोजून वाफेच्या गाडींत बसतात. त्या रेल्वेस १९९९ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. मुंबईचें बोरीबंदर स्टेशन २००४ सालीं त्याच मानास चढलें. १८५५ सालचें 'फेअरी क्वीन' इंजिन १९९७ पासून दिल्ली-अलवर मार्गावर हौशी उतारूंसाठीं पुन्हा चालविलें गेलें. ही हौस वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. जुनी वस्तु जरूर जपावी. परंतु इंजिनाचा धूर, पितळेची घंटा आणि साहेबाची टोपी एवढेंच जपावयाचें, आणि ज्यांच्या पाठीवर तो रूळ बसला त्यांस विसरावयाचें, हें कांहीं खरें नव्हे. वांटणीपत्रांत एका भावाचें नांवच घातलें नाहीं, तर तें वांटणीपत्र खरें कोण म्हणेल?

प्रथम पैशाचा हिशेब पाहूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशीं तीन इंजिनें होतीं, आंत सुमारें चारशें पाहुणे होते. हें पुष्कळांस पाठ असतें. पण त्याच्या आधींचा, १८४९ सालचा करार कोणी वाचीत नाहीं. त्या करारानें ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या विलायतेंतील भागीदारांस त्यांच्या भांडवलावर शेंकडा ५ टक्के व्याजाची हमी मिळाली. गाडीच्या उत्पन्नांतून तेवढें व्याज सुटलें नाहीं, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरावयाची. आणि त्या तिजोरींत सर्वांत मोठी भर कोणाची? शेतसाऱ्याची.

शेतकरीदादा, असें समजा कीं, एका सावकारानें तुमच्या रानांत विहीर खणली. पाणी लागलें तर नफा त्याचा. नाहीं लागलें तर खर्च आणि व्याज तुमच्या खात्यावर. असा सावकार हात राखून खर्च कशाला करील? रेल्वेचें तसेंच झालें. मैलामागें जो खर्च धरला होता त्याच्या किती तरी पुढें तो गेला, आणि वर्षानुवर्षें तूट रयतेनें भरली. ज्यानें उभ्या जन्मांत गाडी पाहिली नाहीं, त्या कुणब्यानेंही गाडीचें व्याज भरलें आहे.

आतां घामाचा हिशेब. आपल्याकडून पुण्यावरून मुंबईस जाणारास बोरघाट लागतो. गाडी बोगद्यांत शिरली म्हणजे पोरें ओरडतात. त्या घाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६३ सालीं पुरें झालें. सुमारें १६ मैलांच्या चढांत २५ बोगदे फोडावे लागले. १८६१ च्या आरंभीं तेथें एका वेळीं ४२,००० वर माणसें राबत होतीं. नवरा सुरुंग लावी, बायको पाटी वाही, मूल खडी वेंची. पटकीनें, तापानें, दरडींनीं आणि सुरुंगांनीं त्यांतलीं हजारों माणसें गेलीं. कांहीं अभ्यासक हा आंकडा पंचवीस हजारांच्या घरांत धरतात. १८५९ च्या जानेवारींत मजुरी थकली म्हणून हेच मजूर चवताळून उठले. त्याच सालीं पहिल्या मक्तेदारानें काम सोडलें. दुसरा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हा इकडे येतांच थोड्या दिवसांत वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिनें तो मक्ता पुढें चालविला. बाई कर्तृत्वाची खरी. तिचें नांव ग्रंथांत राहिलें, हें योग्यच झालें. पण त्या बेचाळीस हजारांपैकीं किती जणांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत?

आपल्या मुलखांत गाडी आली ती दुष्काळाच्या पाठोपाठ. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें सातारा जिल्हा होरपळला. पुढें १८८० च्या दुष्काळ कमिशननें, दुष्काळी मुलखांत रूळ टाकावे, अशी शिफारस केली. १८८२ सालीं सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली, आणि १८९० च्या सुमारास कोरेगांव, रहिमतपूर, कराड, मिरज या वाटेनें मीटर गेज गाडी धांवूं लागली. गाडीनें धान्य येतें, हें खरें. पण त्याच गाडीनें धान्य बंदराकडे जातेंही. ज्याच्या गांठीस पैसा नाहीं, त्याच्या दारावरून वाघिणी भरून गेल्या तरी त्याची चूल पेटत नाहीं. मालाचे दरही असे लावलेले कीं, बंदराकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मालास सवलत, आणि देशांतल्या देशांत फिरणाऱ्या मालास भार. विलायती कापड स्वस्तांत गांवोगांव पोंचलें आणि कोष्ट्याचा माग थंडावला.

उतारूंच्या भाड्याचें मोठें उत्पन्न तिसऱ्या वर्गाचें होतें, आणि हाल मात्र त्याच वर्गाचे सर्वांत जास्त. लांकडी बांकें, मेंढरांसारखी दाटी, कित्येक वर्षें डब्यांत शौचकूपही नाहीं. गांधीजींनीं १९१७ सालीं याविषयीं एक पुस्तिकाच लिहिली. तिसरा वर्ग मोडला तो थेट १९७४ सालीं.

कोणी म्हणतील, "अहो, इंग्रजांनीं निदान गाडी तरी दिली!" त्यांस आमचें उत्तर असें. जपानांत पहिली गाडी आपल्यामागून एकोणीस वर्षांनीं, १८७२ सालीं सुरू झाली; तरी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो देश आपलीं इंजिनें आपण करूं लागला होता. आपल्याकडे अजमीरच्या कारखान्यांत १८९५ सालीं सबंध इंजिन तयार झालें होतें. म्हणजे हात होते, हुन्नर होता. तरी पुढेंही इंजिनें हजारोंनीं विलायतेहूनच येत राहिलीं. चित्तरंजनचा कारखाना इंजिनें काढूं लागला तो स्वराज्यांत, १९५० सालीं.

मग गाडी आपली नव्हे काय? आपलीच आहे, आणि ती आपल्या माणसांनीं आपली करून घेतली. कोल्हापूर दरबारनें आपल्या खर्चानें मिरज-कोल्हापूर फांटा बांधला. त्याच्या कामाचा आरंभ १८८८ सालीं शाहू महाराजांच्या हातून झाला आणि १८९१ सालीं गाडी सुरू झाली. १९१० सालीं कुंडलरोड स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना काढला आणि लोखंडी नांगर गाडींतून देशभर गेले. कराड स्टेशनाजवळ १९१६ सालीं ओगल्यांचा कांचकारखाना निघाला; त्यांचा प्रभाकर कंदील कोणत्या खेड्यांत लागला नाहीं? १९२७ सालीं बार्शी लाइटची अरुंद गाडी मिरजेपर्यंत आली आणि पंढरीच्या वारकऱ्यांची सोय झाली. याच रुळांनीं आपल्या घरोघरचीं माणसें मुंबईच्या गिरण्यांत गेलीं, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर इकडचा सारा भरला गेला.

याच रुळांवर, शेणोलीजवळ, ७ जून १९४३ रोजीं प्रतिसरकारच्या तुफान सेनेनें सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविली आणि ती रक्कम काढून घेतली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड हे त्यांत पुढें होते. सगळीं शेतकऱ्यांचीं पोरें! त्या पैशास लूट म्हणावें कीं जुनी वसुली, हें वरील व्याजाचा हिशेब वाचणाऱ्यांनींच ठरवावें.

आज पुणें-मिरज मार्ग रुंद झाला, त्यावर वीज आली, दुसरा रूळही पडला. वाफेची गाडी गेली. जुनीं दगडी बांधकामें, पाण्याच्या टांक्या, चाळी एकामागून एक पाडल्या जात आहेत. म्हणून आमचें मागणें दोन ठिकाणीं आहे. रेल्वे खात्यास असें कीं, जेथें जेथें जुनें इंजिन मांडून ठेवाल तेथें तेथें एक फलक लावा, आणि त्यावर हा रस्ता कोणाच्या पैशानें झाला, कोणत्या हातांनीं बांधला, त्यांत किती मेले, हें स्वच्छ मराठींत लिहा. वाचकांस असें कीं, आपल्या घरांत कोणी गँगमन, सांधेवाला, हमाल, इंजिनांत कोळसा टाकणारा होऊन गेला असेल, तर त्याचा जुना पास, बिल्ला, पगाराची चिठ्ठी रद्दींत घालूं नका. म्हातारीं माणसें आहेत तोंवर त्यांच्याकडून ऐकून वहींत उतरून ठेवा. हाही वारसा आहे, आणि तो सांभाळण्यास तिकीट लागत नाहीं.

आम्हीं आमच्यापुरतें असें ठरविलें आहे कीं, यंदांची सहल स्टेशनावर न्यावयाची. तेथें रुळाशेजारीं मुलांस उभें करून तोच प्रश्न पुन्हा विचारूं. उत्तर असें यावें: गाडी इंग्रजांनीं आणली, पैसा रयतेचा लागला, आणि रूळ आमच्या माणसांनीं टाकले. तें उत्तर त्या वडाराच्या मुलानें सर्वांच्या आधीं द्यावें, एवढीच आमची इच्छा आहे.