विमानाची तोफ मोडीत काढणारे शहाणे

हे लिहीत असताना अंगणात लवंगीची माळ तडतडते आहे. वाचकहो, अशाच एका तडतडाटाविषयी आज थोडे भांडायचे आहे.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक गृहस्थ परवा म्हणाले, "क्षेपणास्त्रांच्या काळात विमानाला तोफ हवी कशाला?" आमच्या बीड जिल्ह्यात लढाऊ विमान दिसणे विरळाच, पण मत प्रत्येकाला आहे. मलाही आहे.

हाच प्रश्न साठीच्या दशकात भल्याभल्या तज्ज्ञांना पडला होता आणि त्यांनी उत्तरही देऊन टाकले होते. नाशिकजवळ ओझरला 1964 साली मिगचा कारखाना निघाला. तेथे प्रथम बांधले गेले ते मिग-21 एफएल. आवाजाच्या दुप्पट वेगाचे, देखणे विमान, आणि पोटात तोफ नाही! रशियन आराखडाच तसा. वजन वाचले, इंधन वाढले. पंखांखाली दोन क्षेपणास्त्रे. ती शत्रूच्या शेपटीकडून सोडायची, आणि शत्रू अगदी जवळ आला की निरुपयोगी. दोन्ही हुकली तर वैमानिकाने काय हात चोळीत परतायचे? वजन वाचवणारा त्या खुर्चीत थोडाच बसलेला असतो! अमेरिकेनेही फँटम असेच बिनतोफेचे काढले, व्हिएतनामात पस्तावली, आणि 1967 पासून तोफवाले फँटम बांधू लागली.

आपल्या मिगच्या पोटाखाली अखेर तोफेचे गाठोडे बांधावे लागले. जीएसएच-23 तिचे नाव. 23 मिलिमीटरच्या दोन नळ्या. रहाटाच्या दोरावर दोन पोहरे असावेत, एक खाली जाताना दुसरा वर यावा, तशी तिची रचना. एका नळीच्या धक्क्याने दुसरी भरते. ही युक्ती गास्ट नावाच्या जर्मनाची, 1916 सालची. मिनिटाला तीन हजारांवर गोळे! पण गाठोड्यात अवघे 200, म्हणजे चारेक सेकंदांचा खेळ. आमच्या अंगणातली माळ त्याहून जास्त वेळ वाजते.

ती चार सेकंदे 12 डिसेंबर 1971 रोजी कच्छच्या आखातावर कामी आली. फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांचे क्षेपणास्त्र हुकले. त्यांनी पाठलाग सोडला नाही. जवळ जाऊन तोफेनेच पाकिस्तानी स्टारफायटर पाडले.

पुढची मिग-21 तोफ अंगातच घेऊन आली. सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 निवृत्त झाले. पण ओझरलाच बांधलेल्या सुखोई-30 मध्ये 30 मिलिमीटरची तोफ आहे, 150 गोळ्यांसह.

आता क्षेपणास्त्रे फार सुधारली, असे ते गृहस्थ म्हणतात. मान्य. शेवटचे हुकल्यावर काय करायचे, एवढे मात्र त्यांनी अजून सांगितलेले नाही.