हँडब्रेकची हयगय

1892 साली बंगळूरच्या चामराजपेटेची आखणी झाली, त्या वेळी हिंदुस्थानात मोटारगाडी आलेलीच नव्हती. त्यामुळे टांगे, बैलगाड्या आणि पादचारी यांच्या मानाने काढलेल्या येथील सरळ मेन रोडांत, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या क्रॉसांत आणि घरांच्या पाठीमागे सफाईसाठी राखलेल्या अरुंद गल्ल्यांत गाडी ठेवण्याची तजवीज कोठून असणार? आज येथील अनेक जुन्या घरांची गाडी रात्रंदिवस दारासमोरच्या रस्त्यावर, उन्हापावसात उभी असते, आणि तिच्या पुढून-मागून शाळेला निघालेली मुले, देवळाच्या वाटेवरील वृद्ध स्त्रिया आणि भाजीच्या हातगाड्या सतत जात-येत असतात. अशा गाडीला जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम ज्या हँडब्रेकवर सोपविलेले आहे, त्याच्या ब्रेक-शूंकडे आपण गृहस्थमंडळी वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहत नाही, ही हयगय मला अक्षम्य वाटते.

कायद्याचे म्हणणे याबाबतीत निःसंदिग्ध आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 126 अन्वये, सार्वजनिक जागी गाडी उभी करून चालक उठून जाणार असेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावणे, अथवा त्याच्या गैरहजेरीत गाडी आपोआप हलणार नाही असा अन्य बंदोबस्त करणे, त्याच्यावर बंधनकारक आहे. पण या हुकमाच्या तामिलीची व्यवस्था काय? टॅक्सी किंवा मालट्रक यांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरसाल फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो; खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम 15 वर्षांची होते आणि त्या प्रदीर्घ मुदतीत तिचे ब्रेक पाहण्यास सरकारी तपासनीस एकदाही येत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरसाल, आणि जपानात पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी, खासगी गाडीचीही सक्तीने तपासणी होते. आपल्याकडे तपासनिसाचे हे काम निमूटपणे गृहस्थावर येऊन पडलेले आहे, आणि गृहस्थाला त्याची वार्ताही नाही.

आपल्या बहुतेक लहान कौटुंबिक गाड्यांत मागच्या चाकांना ड्रम असतो. पायाचा ब्रेक दाबला म्हणजे त्यातील चंद्रकोरीसारखे दोन शू ऑइलच्या दाबाने फाकतात, आणि हँडब्रेक ओढला म्हणजे तेच शू केबलच्या ओढीने फाकून ड्रमच्या आतल्या कडेला टेकतात. मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत डिस्कच्या मध्यभागी एक छोटा ड्रम व केवळ हँडब्रेकसाठी राखलेले निराळे शू असतात. गाडी थांबल्यावरच कामाला येणारे हे शू क्वचितच झिजतात, आणि नेमक्या त्यामुळेच ते विस्मृतीत जातात. वास्तविक गंज, ओलावा आणि शूच्या पत्र्यावरून सुटणारे घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनर, हे त्यांचे खरे शत्रू होत.

आता ज्या प्रघाताविषयी मला विशेष आग्रहाने लिहावयाचे आहे, तो सांगतो. पूर्वी पाच-सात टकटकींत गाडी धरणारा हँडब्रेकचा दांडा दहा-बारा टकटकींपर्यंत वर येऊ लागला, की मालक गॅरेजात जाऊन 'स्वल्प टाइट माडि' (जरा घट्ट करा) म्हणतो, आणि मिस्त्री केबलचा नट चार आटे फिरवून त्याला वाटेला लावतो. या उपायाने दांडा ताठ होतो खरा, परंतु केबल सदैव ताणलेली राहिल्याने ड्रममधील तरफ मूळ जागी परतत नाही, शूंमधील अंतर आपोआप साधणारा अॅडजस्टर काम करीनासा होतो, आणि लायनर ड्रमला अखंड घासून तापते, चकाकते व आपली पकड गमावून बसते. म्हणून प्रथम ड्रम उघडून लायनर पाहावे, मग अॅडजस्टरचे दातेरी चक्र फिरवून शू बसवावेत, आणि केबलला हात सर्वांत शेवटी लावावा. हा क्रम मोडणारी दुरुस्ती ही दुरुस्तीच नव्हे.

लायनर कंपनीच्या पुस्तिकेतील मर्यादेखाली, म्हणजे बहुधा एक मिलिमीटरपर्यंत, आले असेल, त्यास तडा गेला असेल, किंवा व्हील सिलिंडरमधून पाझरलेल्या ब्रेक ऑइलने ते भिजले असेल, तर शू बदलण्यावाचून गत्यंतर नाही. आणि बदलावयाचे ते दोन्ही चाकांचे एकदम, जीर्ण स्प्रिंगांसह, पाझर असल्यास त्याचा प्रथम बंदोबस्त करून. हे सर्व सामान आपल्या पेटेलगतच्या जे. सी. रोडवर मिळते, जुना शू बरोबर नेऊन रुंदी ताडून पाहावी. जाणता मिस्त्री एका बाजूचा ड्रम खोलतो तेव्हा दुसरी बाजू नमुन्यादाखल तशीच ठेवतो, पुढच्या चाकांना अडण लावतो, गाडी केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता तिला स्टँड देतो, आणि आतली धूळ हवेने उडवीत नाही, कारण जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे व ती धूळ फुप्फुसांना घातक आहे.

गाडी भर पावसात आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण ओले शू गंजून ड्रमलाच चिकटतात. अशा वेळी सपाट जागा पाहून गाडी गियरमध्ये ठेवावी व चाकांना लाकडी अडण लावावी, आणि कलम 126 मधील 'अन्य बंदोबस्त' या तरतुदीत हेही बसते. रोजच्या उभे राहण्यास मात्र नुसता गियर पुरेसा मानू नये.

परिवहन खात्याने खासगी गाड्यांच्या ब्रेकतपासणीची मुदत 15 वर्षांवरून खाली आणावी, अशी माझी मागणी आहे. तोवर वाचकांस विनंती, की दरसाल पावसाळ्याआधी, एप्रिल संपण्यापूर्वी मागचे ड्रम उघडवून घ्या, आणि शू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून गॅरेजचे बिल चुकते करू नका.